जेमीटरमध्ये यूआरएलमधली खास चिन्हं: एन्कोडिंग कुठे करायचं आणि किती वेळा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हार्डवेअरचं सामान विकणाऱ्या साइटची जेमीटर या साधनाने लोड टेस्ट (एकाच वेळी खूप युजर आल्यासारखा भार टाकून केलेली चाचणी) चालू आहे, शोधशब्द सीएसव्ही फाइलमधून येतात. शब्दात |, & किंवा # असलं की कधी यूआरआयसिंटॅक्सएक्सेप्शन (पत्त्याची रचना चुकीची असल्याची एरर) येतं, कधी ४०० (‘रिक्वेस्ट चुकीची’ असा सर्व्हरचा कोड) येतो, तर कधी सगळं हिरवं दिसतं पण निकाल भलतेच असतात. तोच पत्ता ब्राउझरमध्ये व्यवस्थित चालतो, मग जेमीटरलाच काय होतं?

ब्राउझर पडद्यामागे बरीच दुरुस्ती करून घेतो, म्हणून तिथे काही जाणवत नाही. पत्त्याच्या पट्टीत मराठी शब्द जसाच्या तसा दिसतो, पण तो पत्ता कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकलात तर टक्क्यांची लांबलचक माळ दिसेल. सर्व्हरकडे जाते ती ही माळ. चिन्हांचं असं % च्या रूपात रूपांतर करणं म्हणजेच एन्कोडिंग. जेमीटरला मात्र तुम्ही जे लिहून द्याल तेच तो पाठवायला बघतो, आणि लोड टेस्टच्या साधनाने असंच वागायला हवं.

नियम आरएफसी ३९८६ मध्ये आहेत. टिम बर्नर्स-ली, रॉय फील्डिंग आणि लॅरी मॅसिंटर यांनी लिहिलेला हा दस्तऐवज जानेवारी २००५ मधला. इंग्रजी अक्षरं, इंग्रजी आकडे आणि - . _ ~ ही चार चिन्हं कुठेही बिनधास्त चालतात. / ? # & = + वगैरे चिन्हांना पत्त्यात स्वतःचं काम असतं, त्यामुळे ती मजकुराचा भाग म्हणून हवी असतील तर एन्कोड करावी लागतात. मोकळी जागा, |, ^, महिरपी कंस, < आणि > यांना तर कच्च्या रूपात परवानगीच नाही. जेमीटर जावावर चालतो, आणि जावाच्या यूआरआय क्लासला असं चिन्ह दिसलं की तो तिथेच अपवाद फेकतो. म्हणजे तुमच्या पहिल्या प्रकारच्या एररमध्ये रिक्वेस्ट मशीनबाहेर गेलेलीच नसते. सर्व्हरच्या लॉगमध्ये शोधत बसू नका, तिथे काही सापडणार नाही.

आता उपाय. एचटीटीपी रिक्वेस्टच्या पाथच्या चौकटीत प्रश्नचिन्हापुढचं काहीही लिहू नका. तिथे फक्त पाथ, म्हणजे पत्त्यातला साइटच्या नावानंतरचा आणि प्रश्नचिन्हाआधीचा भाग, ठेवा आणि बाकीचं खालच्या पॅरामीटरच्या तक्त्यात भरा. तक्त्यात प्रत्येक ओळीला ‘यूआरएल एन्कोड’ अशी खूण करायची सोय आहे, ती करा. पाथच्या चौकटीत हाताने जोडलेल्या क्वेरीला (प्रश्नचिन्हापुढच्या भागाला) जेमीटर एन्कोड करत नाही. अशा तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. कंटेंट एन्कोडिंगच्या रकान्यात यूटीएफ-८ लिहा, आणि सीएसव्ही डेटा सेटच्या फाइल एन्कोडिंगमध्येही तेच. जावा १८ च्या आधी डिफॉल्ट एन्कोडिंग ऑपरेटिंग सिस्टिमवर अवलंबून असायचं, त्यामुळे विंडोजवर बनवलेली टेस्ट लिनक्सवर वेगळी वागू शकते. सीएसव्ही एक्सेलमधून यूटीएफ-८ म्हणून सेव्ह केली असेल तर फाइलच्या अगदी सुरुवातीला न दिसणारे तीन बाइट (‘बॉम’) येतात. व्हेरिएबलची नावं पहिल्या ओळीतून घेत असाल तर जेमीटरच्या जुन्या आवृत्त्यांत ते पहिल्याच नावाला चिकटू शकतात आणि मग ते व्हेरिएबल सापडत नाही. साध्या एडिटरमध्ये ‘बॉम’शिवाय सेव्ह करा.

एन्कोडिंग मात्र एकदाच व्हायला हवं. फाइलमध्ये शब्द आधीच एन्कोड केलेले असतील आणि तक्त्यातही खूण असेल, तर %20 मधला % स्वतः एन्कोड होतो आणि सर्व्हरला %2520 मिळतं. लॉगमध्ये 25 हा आकडा असा मध्येच घुसलेला दिसला की दोनदा एन्कोडिंग होतंय असं समजा. माझं मत स्पष्ट आहे: फाइलमध्ये कच्चे शब्द ठेवा, माणसाला वाचता येतील असे, आणि एन्कोडिंग पाठवतानाच होऊ द्या. कोणता शब्द का फसला हे नंतर शोधायचं असतं तेव्हा टक्क्यांच्या माळा वाचून डोकं उठतं.

शोधशब्द पाथमध्येच येत असेल, म्हणजे ‘शोध’ शब्दापुढे / देऊन थेट ‘हेक्स बोल्ट’, तर तक्त्याचा उपयोग नाही. तिथे दोन अंडरस्कोरने सुरू होणारं यूआरएलएन्कोड हे जेमीटरचं फंक्शन वापरतात, पण ते मोकळ्या जागेचं + करतं. फॉर्मच्या पद्धतीत ते बरोबर आहे. क्वेरीमधला + बहुतेक सर्व्हर मोकळी जागा म्हणून वाचतात, पण पाथमध्ये + म्हणजे निव्वळ +. सर्व्हर ‘हेक्स+बोल्ट’ नावाची वस्तू शोधतो आणि ४०४ देतो. छोट्या ग्रूव्ही स्क्रिप्टमध्ये एन्कोड करून मग + च्या जागी %20 घाला. शब्दातला मूळ + तोवर %2B असा बदललेला असतो, त्यामुळे त्याला धक्का लागत नाही.

आता तिसरा प्रकार, सगळं हिरवं दिसूनही चुकीचं असणारा. याची मला सर्वात जास्त काळजी वाटते, कारण तो कुणाच्या लक्षात न येता थेट अहवालात जातो. तुमच्या फाइलमध्ये ‘नट & बोल्ट’ आहे असं धरू. त्यातल्या मोकळ्या जागा एन्कोड झाल्या पण मधलं चिन्ह कच्चंच गेलं, तर सर्व्हरला शोधशब्द मिळतो फक्त ‘नट’, आणि ‘बोल्ट’ नावाचं एक अनोळखी पॅरामीटर मिळतं, ज्याकडे तो दुर्लक्ष करतो. उत्तर २०० येतं, पण शोध झाला वेगळाच, आणि कदाचित कितीतरी जड. ‘#८-स्क्रू’ घ्या. # पासूनचा भाग सर्व्हरकडे जातच नाही, तो ब्राउझरपुरताच असतो. सर्व्हरला रिकामा शोधशब्द मिळतो आणि तो ठरलेलं पान देतो, बहुधा कॅशमधून, काही मिलिसेकंदांत. तुमच्या आलेखात सरासरी वेळ छान दिसतो आणि डेटाबेसला तर हातही लागलेला नसतो. एरर असलेल्या रिक्वेस्टही असाच घोळ घालतात. टॉमकॅट या जावाच्या वेब सर्व्हरने २०१६ च्या अखेरच्या आवृत्त्यांपासून नियमबाह्य चिन्हं असलेली रिक्वेस्ट दारातच ४०० देऊन परतवायला सुरुवात केली. ते उत्तर ॲप्लिकेशनपर्यंत न पोचताच येतं, म्हणून अतिशय वेगात येतं. असे ४०० सरासरीत मिसळले की सर्व्हर आहे त्यापेक्षा चपळ वाटतो.

म्हणून प्रत्येक शोधाला रिस्पॉन्स असर्शन (उत्तर अपेक्षेप्रमाणे आहे का हे तपासणारा जेमीटरचा घटक) लावा, आणि ते स्टेटस कोडवर नको, मजकुरावर हवं. निकालाच्या पानावर साइट शोधशब्द पुन्हा दाखवत असेल तर फाइलमधला कच्चा शब्द त्या पानात आहे का ते तपासा. फक्त एक ध्यानात घ्या: एचटीएमएलमध्ये & हे चिन्ह वेगळ्या रूपात लिहिलेलं असतं, त्या ओळींसाठी तुलना त्या रूपाशी करा.

तुम्ही विचारलेलं नाही, पण लॉगिनच्या टोकनकडेही बघा. बेस६४ (बाइट अक्षरांच्या रूपात लिहिण्याची पद्धत) टोकनमध्ये +, / आणि = येऊ शकतात. लॉगिनच्या पानावरून काढलेलं टोकन पुढच्या रिक्वेस्टमध्ये ‘यूआरएल एन्कोड’च्या खुणेशिवाय पाठवलं तर त्यातल्या + ची मोकळी जागा होते आणि सर्व्हर ते नाकारतो. सगळ्याच टोकनमध्ये + नसतो, त्यामुळे काही लॉगिन होतात, काही होत नाहीत. ३२ यादृच्छिक बाइटचं टोकन बेस६४ मध्ये ४४ अक्षरांचं होतं, आणि हिशेब केला तर अशा जवळजवळ निम्म्या टोकनमध्ये निदान एक तरी + येतो. एका युजरवर करून बघितलं तर चालतं, पाचशेवर फसतं, आणि सगळे म्हणतात सर्व्हर लोडखाली कोसळतोय. सर्व्हर वाढवण्याआधी नापास झालेल्या टोकनची यादी काढा. सगळ्यांत + असेल तर दोष क्षमतेचा नाही.

मराठी शोधशब्द असतील तर आणखी दोन गोष्टी. पहिली लांबीची. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि प्रत्येक बाइटची एन्कोड केल्यावर तीन अक्षरं होतात, म्हणजे एका चिन्हाची नऊ. काना, मात्रा, हलन्तही वेगळे मोजायचे. ‘पुणे’ची ३६ अक्षरं होतात, ‘छत्रपती संभाजीनगर’ची १४७. ‘८’ हा देवनागरी आकडासुद्धा नऊ अक्षरं घेतो. टॉमकॅटमध्ये रिक्वेस्टची ओळ आणि हेडर मिळून मर्यादा मुळात ८१९२ बाइटची असते, आणि कुकीज त्यातच बसवायच्या असतात. लांब फिल्टर लावलेले मराठी पत्ते या मर्यादेला इंग्रजीपेक्षा खूप लवकर टेकतात, तेव्हा असा एखादा लांब पत्ता टेस्टमध्ये मुद्दाम ठेवा.

दुसरी गोष्ट, दिसायला सारखे पण आतून वेगळे शब्द. ‘ॲ’ हे एकच चिन्ह म्हणून लिहिता येतं, किंवा ‘अ’वर चंद्र देऊन दोन चिन्हांत. युनिकोड या दोघांना एक मानत नाही, त्यामुळे नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) करूनही ते वेगळेच राहतात. ‘दऱ्या’तला अर्धा ‘र’ही असाच दोन प्रकारे टाइप होतो, एका प्रकारात न दिसणारा जोडक असतो. ‘ॲल्युमिनियम पत्रा’ दोन्ही प्रकारे फाइलमध्ये घाला. पत्ते वेगळे होतील, कॅशमध्ये नोंदी दोन होतील, आणि शोध नीट लिहिलेला नसेल तर एका प्रकाराला शून्य निकाल येतील. खऱ्या ग्राहकांच्या फोनवर दोन्ही कीबोर्ड असतात, म्हणून खरा लोड हवा असेल तर हे मिश्रण हवंच.

हे सगळं बरोबर गेलं का ते पडताळायला आधी एकाच युजरने टेस्ट चालवा, व्ह्यू रिझल्ट्स ट्रीमध्ये रिक्वेस्टचं कच्चं रूप बघा, आणि तीच ओळ सर्व्हरच्या ॲक्सेस लॉगमध्ये शोधा. दोन्ही अक्षरशः जुळल्या पाहिजेत. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर त्याच्या लॉगमध्ये मूळ रिक्वेस्टची ओळ लिहिली जाते आहे ना ते बघून घ्या, कारण त्याचं यूआरआय हे व्हेरिएबल डीकोड केलेलं रूप दाखवतं आणि त्यात दोनदा झालेलं एन्कोडिंग सहज निसटतं. खऱ्या रनच्या आधी व्ह्यू रिझल्ट्स ट्री बंद करा, ते मेमरी खातं.

कमांड लाइनवरून पत्ता देत असाल तर लिनक्सवर तो अवतरणात ठेवा, नाहीतर & दिसताच शेल कमांड तिथे तोडतं आणि तेवढाच भाग मागे चालायला टाकतं. विंडोजच्या बॅच फाइलमध्ये %20 लिहिलं तर %2 म्हणजे दुसरा अर्ग्युमेंट असा अर्थ लागतो आणि पत्ता बिघडतो. तिथे % दोनदा लिहा.

इतकं करूनही ‘१/२ इंच पाइप’सारख्या शब्दावर ४०० किंवा ४०४ येत असेल तर दोष तुमच्या स्क्रिप्टचा नाही. पाथमधला एन्कोड केलेला / टॉमकॅट मुळातच नाकारतो, अपाची सर्व्हरही डिफॉल्टने ४०४ देतो. ते डेव्हलपरना सांगा, हा शब्द पाथमधून काढून क्वेरीत न्यावा लागेल. टेस्ट पास व्हावी म्हणून फक्त टेस्टच्या सर्व्हरवर टॉमकॅटची बंधनं सैल करू नका. ग्राहकांच्या सर्व्हरवर ती तशीच असणार, आणि तिथे हाच शोध पहिल्या दिवशी ४०० देईल.