बाळ पाच महिन्यांचं आहे. केस गळतात, थकवा जात नाही. थायरॉइड असेल का?

असू शकतं, आणि घरात कुणाला पटकन सुचत नाही. ‘जागरण होतंय, अंगावर पाजतेस, डिंकाचे लाडू खा’ एवढ्यावर विषय संपतो. केस तर या दिवसांत थायरॉइड नसतानाही गळतात, त्यामुळे अंदाज बांधू नका. टीएसएच आणि फ्री टी-४ या थायरॉइडच्या रक्तचाचण्या करून घ्या.

बाळंतपणानंतर काहींच्या थायरॉइड ग्रंथीला सूज येते. पहिल्या काही महिन्यांत साठलेलं हार्मोन रक्तात उतरतं: धडधड, घाम, चिडचिड, झपाट्याने वजन उतरणं. मग साठा संपतो आणि साधारण चौथ्या ते आठव्या महिन्यात उलटं होतं: सुस्ती, थंडी वाजणं, बद्धकोष्ठ, उदासी. तुम्ही नेमक्या त्याच टप्प्यात आहात. बहुतेकींचं वर्ष-दीड वर्षात पूर्ववत होतं, काहींना गोळी कायमची लागते. रक्तात टीपीओ अँटीबॉडी (थायरॉइडवरच हल्ला करणारी प्रतिपिंडं) किंवा टाइप १ मधुमेह असेल तर ही सूज येण्याची शक्यता जास्त.

डॉक्टरांनी थायरॉक्सिन (थायरॉइड हार्मोनची गोळी) दिलं तर दूध तोडू नका, चालतं. गोळी सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. बाळंतिणीला लोह-कॅल्शियमच्या गोळ्या असतातच. त्या चार तासांनी घ्या, नाहीतर थायरॉक्सिन नीट शोषलं जात नाही.