आहारप्रश्न : भाजी न आवडणाऱ्या मोठ्या माणसांसाठी

प्रश्न : मी ३३ वर्षांची असून पुण्यात एका खासगी कंपनीत नोकरी करते. लहानपणापासून बटाटा, मटार, उसळी आणि वरण-भात यांवरच वाढले. नावडती भाजी असली की आई माझ्यापुरत्या बटाट्याच्या काचऱ्या करून देत असे. आता स्वयंपाक मीच करते, पण भेंडीचा बुळबुळीतपणा, वांग्याच्या बिया, दुधीचा लगदा आणि कोबीचा वास यांपैकी काहीच सहन होत नाही. कारले आणि मेथी यांचे तर नावच नको. कार्यालयात डबे उघडले की थट्टा होते आणि कोणी जेवायला बोलावले की आदल्या दिवसापासून धास्ती वाटते. नुकत्याच झालेल्या तपासणीत डॉक्टरांनी माझ्या आहारात तंतू (फायबर) फार कमी असल्याचे सांगितले. या वयात भाज्या आवडू लागणे खरोखर शक्य आहे का, की नाक दाबून गिळणे हाच एक मार्ग उरतो? — एक वाचक, पुणे

उत्तर : शक्य आहे, मात्र नाक दाबून गिळण्याचा मार्ग कृपा करून धरू नका. जबरदस्तीने गिळलेला प्रत्येक घास त्या भाजीविषयीची नावड अधिक पक्की करतो आणि पुढच्या वेळी ताट समोर येण्याआधीच मन नकार देऊन मोकळे होते.

तुमच्या पत्रातील एक गोष्ट मला फार उपयोगी वाटली. भेंडी, वांगे, दुधी आणि कोबी या चारही भाज्यांच्या बाबतीत तुम्ही चवीविषयी तक्रार केलेलीच नाही. एकीचा बुळबुळीतपणा, दुसरीच्या बिया, तिसरीचा लगदा आणि चौथीचा वास तुम्हाला नको आहे. बहुतेक मोठी माणसे ‘मला भाज्या आवडत नाहीत’ असे एकच सरसकट विधान करून थांबतात आणि मग त्यावर काहीच उपाय करता येत नाही. तुम्ही कारणे वेगवेगळी सांगितली आहेत आणि त्यांतील जवळजवळ प्रत्येक कारण भाजीपेक्षा ती शिजवण्याच्या पद्धतीशी अधिक बांधलेले आहे.

भेंडीपासूनच सुरुवात करू. भेंडीतील चिकट द्रव म्हणजे पाण्यात विरघळणारा तंतूच असतो आणि पाणी व वाफ मिळाली की तो सुटतो. म्हणून भेंडी अख्खीच धुवावी, कोरड्या फडक्याने एकेक पुसावी आणि शक्य असल्यास तासभर पंख्याखाली पसरून ठेवावी. त्यानंतर कोरड्या सुरीने, फार बारीक न करता, बोटाच्या पेराएवढे तुकडे करावेत. पसरट कढईत तेल चांगले तापवून मोहरी, हिंग आणि हळद यांची फोडणी द्यावी आणि भेंडी एका थरात मावेल एवढीच घालावी. झाकण ठेवू नये. पहिली पाच-सात मिनिटे तारा दिसतील; तेव्हा घाबरून पाण्याचा हबका मारू नये आणि सारखे ढवळूही नये. दोन-तीन आमसुले किंवा शेवटी पिळलेले लिंबू यांच्या आंबटपणाने उरलासुरला चिकटपणा मोडतो. तुकड्यांच्या कडा तांबूस झाल्या की मीठ, दाण्याचे कूट आणि किंचित साखर घालून गॅस बंद करावा. मीठ आधी घातले तर भेंडीला पाणी सुटते आणि केलेली सगळी मेहनत वाया जाते. डब्यात नेणार असाल तर भाजी निवल्यावरच डबा बंद करावा, कारण गरम भाजीवर झाकण लावले की आतल्या वाफेने ती दुपारपर्यंत पुन्हा गिळगिळीत होते. डब्यातल्या भेंडीमुळेच भेंडीचे वैर पत्करलेली कितीतरी माणसे मला भेटली आहेत.

वांग्याच्या बियांचा उपाय बाजारातच सुरू होतो. हाताला जड लागणारे, जून वांगे बियांनी भरलेले असते. आकाराच्या मानाने हलके, तुकतुकीत आणि हिरव्या देठाचे वांगे घ्यावे. तुम्ही भरल्या वांग्यांच्या वाटेला सध्या जाऊच नका. भरताचे मोठे वांगे थेट आचेवर साल करपेपर्यंत भाजून, त्यात कच्चा कांदा, मिरची, कोथिंबीर आणि थोडे दही घालून पाहा. त्या धुरकट वासापुढे बियांकडे फारसे लक्ष जात नाही. मऊपणाच नको असेल तर पातळ चकत्यांना तिखट-मीठ लावून, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर कुरकुरीत काप करावेत.

दुधीचा लगदा होतो तो जास्त पाणी आणि कुकरच्या शिट्ट्या यांमुळे. चण्याची डाळ भिजवून घाला, झाकणावर पाणी ठेवून केवळ वाफेवर शिजवा आणि फोडींचा आकार शाबूत असतानाच उतरवा. कोबीचा वास गंधकयुक्त संयुगांचा असतो आणि कोबी जितका जास्त वेळ शिजेल तितका तो वाढत जातो. बारीक चिरलेला कोबी मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटे परतला किंवा कच्चाच लिंबू, दाण्याचे कूट आणि मिरचीची फोडणी देऊन त्याची कोशिंबीर केली, तर ज्या वासाला तुम्ही नाक मुरडता तो फारसा निर्माणच होत नाही.

कारले आणि मेथी यांचा प्रश्न मात्र खरोखरच चवीचा आहे. कडू चव सर्वांना सारखी लागत नाही, हे फार पूर्वीच लक्षात आले आहे. १९३१ साली अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स हे रसायनशास्त्रज्ञ फिनाइलथायोकार्बामाइड नावाची पूड हाताळत असताना तिचे कण हवेत उडाले. सहकाऱ्याला ते कडूजहर लागले, फॉक्स यांना मात्र काहीच चव लागली नाही. त्या फरकामागचे जनुक २००३ साली ओळखले गेले. कोबी, फ्लॉवर, मुळा आणि मोहरी यांच्या कुळातील काही संयुगांचा कडवटपणा याच जनुकानुसार कमी-अधिक जाणवतो. कारल्याचा कडवटपणा वेगळ्या संयुगांचा असतो आणि माणसाच्या जिभेवर कडू चव टिपणारे जवळपास २५ प्रकारचे ग्राहक (रिसेप्टर) असतात. त्यामुळे एकाच जनुकावर सगळे खापर फोडता येत नाही. तरीही ‘नखरे करते’ असे म्हणणाऱ्या सहकाऱ्यांना एवढे सांगायला हरकत नाही की, त्यांच्या जिभेवर जे कारले येते तेच तुमच्या जिभेवर येत असेल असे नाही.

कडवटपणावर आपल्या स्वयंपाकघरांतील उपाय चोख आहेत. मिठातील सोडियममुळे कडू चवीची जाणीव दबते, हे १९९७ साली ‘नेचर’ या नियतकालिकातील संशोधनाने दाखवून दिले. आपल्याकडे कारल्याच्या चकत्यांना मीठ चोळून अर्ध्या तासाने घट्ट पिळण्याची रीत त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. पिळताना काही कडू रसही निघून जातो. त्यानंतर चिंच-गुळाची जोड दिली किंवा काचऱ्या तेलावर खरपूस परतल्या की उरणारा कडवटपणा सोसण्याजोगा होतो. मेथीला मूगडाळ किंवा बेसनाचे पीठ पेरून, वर लसणाची सढळ फोडणी द्यावी. एवढे करूनही कारले आवडले नाही तर खुशाल सोडून द्या. बाजारात इतक्या भाज्या असताना एखाद-दुसरी आयुष्यभर न खाल्ल्याने कोणाचेही काही बिघडत नाही.

आता सवयीविषयी. नवी चव अंगवळणी पडण्यासाठी ती पुन:पुन्हा, थोड्या प्रमाणात आणि दडपणाशिवाय जिभेवर यावी लागते. लहान मुलांवरील अभ्यासांत एखादा नवा पदार्थ स्वीकारला जाण्यापूर्वी तो साधारण ८ ते १५ वेळा चाखावा लागतो, असे आढळले आहे. मोठ्यांची जीभही शिकते; अन्यथा पहिल्या घोटाला कोणालाही न आवडणारी बिनसाखरेची कॉफी पुढे कोणी चवीने प्यायलेच नसते. म्हणून एका वेळी एकच भाजी निवडा आणि ती आठवड्यातून दोन-तीनदा, खरी भूक लागलेली असताना, आवडत्या पदार्थाच्या सोबतीने एक चमचाभर घ्या. मटार तुम्हाला आवडतो, तर मटारात थोडा फ्लॉवर येऊ द्या. उसळी आवडतात, तर डाळिंब्यांच्या उसळीच्या धर्तीवर वालपापडी किंवा घेवडा करून पाहा. चाखल्यानंतर आवडले का, असे स्वतःलाही विचारू नका. नावड कमी होऊन ‘चालेल’ इथपर्यंत येणे हा या वाटेवरचा मोठा टप्पा आहे आणि काही भाज्या तिथेच थांबतील.

प्रमाणाविषयी थोडेसे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत २,००० किलोकॅलरींच्या रोजच्या आहारासाठी ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे सुचवली आहेत. बटाटा या हिशेबात धरायचा नसतो, हे तुमच्या पत्रामुळे मुद्दाम सांगावेसे वाटते. हा आकडा पाहून दडपून जाऊ नका. शून्यापासून निघालेल्या माणसाने पहिले काही महिने दोन्ही जेवणांत एकेक वाटी एवढेच लक्ष्य ठेवावे. तंतू एकदम वाढवले तर पोट फुगते आणि दोष पुन्हा भाजीवर येतो. म्हणून प्रमाण हळूहळू वाढवावे आणि पाणी पुरेसे प्यावे. तुमच्या उसळी तंतूंच्या दृष्टीने उत्तम आहेत, त्या मुळीच कमी करू नका.

कोणाकडे जेवायला जाताना यजमानांना आधीपासून याद्या देत बसू नये. वाढणाऱ्याला ‘अगदी थोडी, चवीपुरती’ असे सांगून घेतलेली भाजी कोणाच्या डोळ्यांत येत नाही; पानात टाकलेली मात्र येते.

प्रश्न : माझा मुलगा २६ वर्षांचा आहे. त्याला कुठलीच भाजी चालत नाही, म्हणून मी पालक, दुधी, गाजर, बीट वगैरे किसून किंवा वाटून थालीपीठ, पराठे आणि पावभाजीत घालते. त्याला कळत नाही आणि तो आवडीने खातो. हे योग्य आहे ना? — एक आई, नाशिक

उत्तर : भाजी पोटात जावी, एवढाच हेतू असेल तर योग्यच आहे आणि थालीपिठात दुधी किसून घालणे ही काही फसवणूक नव्हे, ती जुनीच कृती आहे. परंतु भाजी पोटात जाणे आणि भाजी आवडू लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या पालकाचा रंग, वास आणि पोत मुलाला कधी जाणवलाच नाही, त्या पालकाशी त्याची ओळख कशी होणार? शिवाय २६ वर्षांच्या माणसापासून ताटातील गोष्ट लपवणे मला तितकेसे रुचत नाही. एखाद्या दिवशी त्याला ती कळली तर तो तुमच्या थालीपिठाकडेही संशयाने पाहू लागेल. थालीपिठे चालू ठेवा, पण त्यांत काय आहे ते सांगा, कीस थोडा जाडसर करत चला आणि तीच भाजी कोशिंबिरीच्या रूपाने बाजूला, आग्रह न करता वाढत जा. सर्वांत उत्तम म्हणजे भाजी चिरण्याचे आणि परतण्याचे काम अधूनमधून त्याच्याकडेच सोपवा. भाजी किती शिजवायची हे स्वतःच्या हाती असले की मऊ भाजी न आवडणारा माणूस ती आपोआप करकरीत ठेवतो.

एक सावधगिरीची सूचना मात्र देणे आवश्यक आहे. नावड एवढी तीव्र असेल की वजन घटते आहे, केवळ मोजके पाच-सहा पदार्थच चालतात, किंवा घास घशात अडकेल या भीतीने खाणे टाळले जाते, तर त्याला हट्ट समजू नये. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या निदानसंहितेत ‘आर्फिड’ या नावाने या विकाराचा स्वतंत्र समावेश केला आहे. अशा वेळी पाककृतींचा उपयोग होत नाही. डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ यांचा सल्ला घ्यावा.

प्रश्न : मला भाज्या आवडत नाहीत म्हणून मी रोज सकाळी दुधीचा किंवा कारल्याचा रस पितो. त्यामुळे जेवणात भाजी नसली तरी चालेल ना? — एक ज्येष्ठ वाचक, कोल्हापूर

उत्तर : चालणार नाही. रस गाळताना बहुतेक तंतू चोथ्यात जातात आणि आपण नेमका तोच टाकून देतो. मधुमेहाची औषधे चालू असतील तर कारल्याच्या रसाने रक्तातील साखर अधिक खाली जाऊ शकते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो घेऊ नये.

दुधीच्या रसाविषयी याहून गंभीर बाब अशी की, एखादा दुधी कडू निघतो आणि त्या कडवटपणामागे कुकुर्बिटासिन हे विषारी द्रव्य असते. अशा रसाने उलट्या, जुलाब आणि जठरातून रक्तस्राव होऊन आपल्या देशात मृत्यूही झालेले आहेत. दुधी चिरताना टोकाचा लहानसा तुकडा जिभेला लावून पाहावा आणि कडू लागला तर थुंकून टाकून तो अख्खा दुधी फेकून द्यावा. शिजवल्याने हा धोका जात नाही. कडू रस चुकून प्यायला गेला आणि मळमळ किंवा पोटदुखी सुरू झाली तर घरगुती उपाय न करता तत्काळ रुग्णालय गाठावे. कारल्याच्या कडवटपणाची सवय झालेल्या माणसाने याबाबत अधिकच जपावे, कारण कडू म्हणजे औषधी अशी समजूत करून घेऊन तो नेमका असाच रस निमूटपणे संपवतो.