स्कोअर २१०, धावणं थांबवू का?

प्रश्न : वय ५४. चौदा वर्षं धावतोय, आठवड्याला ५०-६० किलोमीटर. रविवारी यवतेश्वरचा घाट. व्यसन नाही. मुलीच्या आग्रहावरून हृदयाचं सीटी स्कॅन केलं, कॅल्शियम स्कोअर (हृदयाच्या धमन्यांत साठलेल्या कॅल्शियमचं माप) २१० आला. जिना चढताना दम लागणाऱ्या माझ्या धाकट्या भावाचा शून्य! धावण्यानेच रक्तवाहिन्या बिघडल्या का? धावणं सोडू का? – एक वाचक, सातारा

उत्तर : सोडू नका. पण रिपोर्ट कपाटातही ठेवू नका.

वर्षानुवर्षं लांब पल्ल्याचं धावणाऱ्या, सायकल चालवणाऱ्या पुरुषांच्या हृदयाच्या धमन्यांत कॅल्शियम जास्त सापडतं, हे २०१७ मध्ये ब्रिटन आणि नेदरलँड्सच्या अभ्यासांत दिसलं. त्यांच्या धमन्यांच्या आत साठलेले थर बहुतेक टणक, कॅल्शियमचे होते. मऊ, चरबीचा थर फुटला की गुठळी होते. टणक थर सहसा फुटत नाही. एवढ्यावर धावणाऱ्यांच्या ग्रुपवर ‘आपलं कॅल्शियम वेगळं’ म्हणून धीर दिला जातो, आणि तिथेच मला काळजी वाटते. २०२३ च्या बेल्जियममधल्या अभ्यासात आयुष्यभर असे खेळ केलेल्यांच्या धमन्यांत मऊ थरही होते.

पत्रात तुम्ही किलोमीटर लिहिलेत, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल नाही. वडिलांना किंवा काकांना हृदयाचं दुखणं होतं का, तेही लिहिलं नाही. माझ्याकडे येणारे धावपटू हमखास असंच करतात. घड्याळातले आकडे तोंडपाठ, रक्तातले माहीत नाहीत. एलडीएल, बीपी, साखर तपासून हृदयरोगतज्ज्ञांना भेटा. या स्कोअरला ते बहुधा स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, सुचवतील. ‘मी धावतो, मला गोळी कशाला’ म्हणू नका. गोळीने पोटऱ्या दुखल्या तर ती परस्पर बंद न करता त्यांना सांगा, डोस बदलता येतो. गोळीने स्कोअर उतरत नाही, उलट थर टणक होऊन थोडा वाढतो. म्हणून दरवर्षी स्कॅन नको.

धावणं सोडू नका म्हणते, कारण डॅलसच्या कूपर क्लिनिकने २०१९ मध्ये सुमारे २२ हजार पुरुषांच्या नोंदी मांडल्या. स्कोअर शंभरावर असूनही भरपूर व्यायाम करणारे, कमी व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जास्त संख्येने दगावले नव्हते.

नाडीकडेही लक्ष असू द्या. स्वीडनच्या ९० किलोमीटरच्या वासालोपेत स्की शर्यतीत वारंवार उतरणाऱ्यांत ठोके अनियमित होण्याचं प्रमाण जास्त आढळलं. सकाळी अंथरुणातच अंगठ्याखाली मनगटावर दोन बोटं ठेवून मिनिटभर मोजा. संथ चालेल, वेडीवाकडी पडली तर ईसीजी काढा.

तज्ज्ञांची तपासणी होईपर्यंत घाट चालत चढा. छाती आवळली, कळ जबड्याकडे गेली, तर तिथेच थांबा, मदत मागवा आणि थेट इस्पितळ गाठा.

आणि भावालाही दाखवा. स्कोअर शून्य असताना दम लागतो, तर त्याचं हिमोग्लोबिन, थायरॉईड, फुप्फुसं पाहायला हवीत.