चंद्र जेलीफिश मोजताना
ऑरेलियाच्या, म्हणजे चंद्र जेलीफिशच्या, जाती ओळखायच्या आहेत ना? मग एकट्या छत्रीच्या (शरीराच्या घुमटाच्या) व्यासावर भिस्त ठेवू नकोस. उपाशी राहिली की ही बया चक्क आकसते, नमुने टिकवायच्या फॉर्मालिन द्रावणातही आकसते. ताजी आणि बाटलीतली मापं एकाच तक्त्यात घातलीस की घोळ ठरलेला. मुखबाहूंची (तोंडापासून लोंबणाऱ्या हातांची) लांबी, जननग्रंथींची रुंदी हेही मोज. नुसती गुणोत्तरं फसवतात, कारण वाढीबरोबर प्रमाण बदलतं. मापांचे लॉगॅरिदम घे, आकारमानाचा परिणाम आधी काढून टाक, मगच प्रमुख घटक विश्लेषण (अनेक मापांतला फरक मोजक्या अक्षांवर मांडायची पद्धत) कर. आलेखावर ठिपक्यांचे दोन पुंजके दिसले म्हणून लगेच दोन जाती जाहीर करू नकोस. कदाचित तू दोन बंदरांतला फरक मोजला असशील. डीएनएसाठी प्रत्येकीचा तुकडा अल्कोहोलमध्ये ठेव. फॉर्मालिनमध्ये नको, मी तिथेच माती खाल्ली होती.