बँकॉकच्या पहिल्या पावसाळ्याआधी

छत्री मुंबईहून आणू का, असं तू विचारलंस. नको आणूस, इथे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. त्यापेक्षा डोक्यातला आपला पाऊस आधी बाजूला ठेव. मेच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत इथे पावसाळा असतो, पण आपल्यासारखी चार-चार दिवसांची झड क्वचितच. सकाळी कडक ऊन, दुपारनंतर काळोखून येतं, आणि तासभर नुसता बदाबदा कोसळतो. सप्टेंबर सगळ्यात ओला.

हा तास नेमका ऑफिस सुटायच्या वेळी गाठतो. तेव्हा टॅक्सीच्या मागे धावू नकोस. स्कायट्रेन, म्हणजे इथली उंच पुलावरून जाणारी मेट्रो, गाठ, नाहीतर सरळ थांब. इथली माणसं छपराखाली शांत उभी राहतात; नारिंगी जाकिटातले मोटारसायकल टॅक्सीवालेही. मी पहिल्या वर्षी घाई केली आणि गल्लीत पोटरीभर पाण्यातून चालत घरी आलो. पाणी काळं, खालचं काही दिसत नव्हतं. पायाला जखम असेल तर त्या पाण्यात अजिबात उतरू नकोस, लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पाण्यात पसरणाऱ्या तापाचा, धोका इथेही आहे. डेंग्यूचाही, म्हणून बाल्कनीतल्या कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या कर.

चामड्याचे बूट कपाटात ठेवलेस तर आठवड्यात पांढरी बुरशी धरते. एसीचा ड्राय मोड रोज थोडा वेळ लाव.

आईबाबांना नोव्हेंबरात बोलव, पण दक्षिणेकडच्या समुई बेटावर नेऊ नकोस. बँकॉक कोरडं होतं तेव्हाच तिथे सर्वाधिक पाऊस पडतो.