रेझोल्यूट ते ग्रीस फियोर्ड: अंतर किती, विमानाला वेळ किती?

कॅनडाच्या पार उत्तरेकडच्या या दोन गावांमध्ये विमानाला किती वेळ लागतो आणि नकाशात दिसतं तेवढं अंतर खरंच आहे का, असं तुम्ही विचारलंय. सरळ रेषेत सुमारे ३८५ किलोमीटर. छोट्या ट्विन ऑटर विमानाला साधारण दीड तास, समोरून वारा असला तर थोडा जास्त. गावांना जोडणारा रस्ता नाही.

नकाशावर अंतर कितीतरी जास्त वाटतं, कारण नेहमीच्या चौकोनी नकाशात ध्रुवाकडचा भाग ताणला जातो, ७५ अंशांवर जवळजवळ चौपट. दोन गावांच्या रेखांशांत १२ अंशांचा फरक आहे. विषुववृत्तावर तेवढे अंश १,३०० किलोमीटरांच्या वर गेले असते. तिथे ते जेमतेम ३३५ भरतात. म्हणून नकाशावर पट्टी ठेवून मोजू नका.

कामानिमित्त मी हा प्रवास दोनदा केलाय. विमानात निम्म्या जागेत माणसं, निम्म्या जागेत जाळीखाली बांधलेला माल. होकायंत्रावर त्या भागात विसंबता येत नाही, त्यामुळे वैमानिक खऱ्या, म्हणजे भौगोलिक उत्तरेवरून दिशा धरतात. खाली डेव्हन बेट लागतं, जगातलं सगळ्यात मोठं निर्मनुष्य बेट. बराच वेळ एक दिवा नाही, एक वाट नाही. मग गोठलेला समुद्र, आणि एकदम समोर डोंगर. ग्रीस फियोर्डची धावपट्टी खडीची, जेमतेम अर्धा किलोमीटर. वारा आडवा असला किंवा ढग खाली आले तर विमान निघतच नाही. दुसऱ्या खेपेला मी रेझोल्यूटला तीन दिवस अडकलो होतो. तेव्हा तिकीट दीड तासाचं असलं तरी हाताशी तीन-चार दिवस जास्तीचे ठेवाच.

आणि एक गोष्ट मला सांगायलाच हवी. ही गावं सरकारने वसवली. १९५३ साली क्वेबेकच्या उत्तरेकडच्या इनुकजुआक गावाहून इनुइट, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या कुटुंबांना जहाजाने सुमारे दोन हजार किलोमीटर वर आणलं. बॅफिन बेटावरच्या पाँड इनलेट गावाहूनही काही कुटुंबं आणली. दोन वर्षांनी परत नेऊ, हा शब्द पाळला नाही. सगळे एकत्र राहणार नाहीत, काही रेझोल्यूटला आणि काही ग्रीस फियोर्डच्या बाजूला जाणार, हे त्यांना जहाजावर चढल्यानंतर कळलं. सख्खी माणसं या ३८५ किलोमीटरांच्या दोन टोकांना गेली. सरकारने माफी मागितली ती २०१० साली. ग्रीस फियोर्डला इनुइट लोक औयुइत्तुक म्हणतात, म्हणजे कधीही न वितळणारी जागा. २०२१च्या जनगणनेत तिथे १४४ माणसं होती.

परतीच्या विमानात माझ्या शेजारी एक आजी होत्या. मांडीवर खोका, चिकटपट्टीने चहूबाजूंनी गुंडाळलेला, वर मार्करने नाव लिहिलेलं. आत मुक्तुक, म्हणजे नार्व्हाल या उत्तरेकडच्या देवमाशाची चरबीसकट खायची कातडी, रेझोल्यूटच्या बहिणीसाठी. मालात ठेवता का म्हणून वैमानिकाने विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि दीड तास तो खोका दोन्ही हातांनी धरून बसल्या.