नेत्रभिंगातील पाठराखीण

प्रश्न : माझ्या पुतणीला जन्मतःच दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते आणि सातव्या आठवड्यात तिची शस्त्रक्रिया झाली. जनुक तपासणीच्या अहवालात ‘सीआरवायएए’ या जनुकात बदल असून 116व्या स्थानी आर्जिनिन या अमिनो आम्लाऐवजी सिस्टीन आले आहे, आणि हे जनुक ‘मॉलेक्युलर चॅपरॉन’ प्रकारचे प्रथिन तयार करते, असे लिहिले आहे. माझ्या भावाचेही लहानपणी मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते. तरीही ग्रहण पाळले नाही म्हणून घरात वहिनीला बोल लावतात. हे जनुक नेमके काय करते? डोळ्यात थेंब घालून मोतीबिंदू टाळता आला असता का? पुढच्या अपत्यालाही हा त्रास होईल का?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : प्रथम वहिनींविषयी. अहवालातील बदलाचा ग्रहणाशी काहीही संबंध नाही. गरोदरपणात त्यांनी काय केले किंवा काय केले नाही, यामुळे असा बदल घडत नाही. आपल्या भावाचा पूर्वेतिहास पाहता तो त्यांच्याकडून आला असण्याची शक्यता मोठी आहे, आणि त्यात त्यांचाही दोष नाही, कारण आपल्या अपत्याला कोणते जनुक द्यायचे हे कोणाच्याच हाती नसते. हे घरातील वडीलधाऱ्यांना कोणीतरी बसून समजावून सांगावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आता चॅपरॉनविषयी. या शब्दाला ‘पाठराखीण’ याहून नेमका मराठी शब्द मला सुचत नाही. नव्या नवरीबरोबर पहिल्या खेपेस सासरी जाणारी, तिला सांभाळून घेणारी आणि तिची घडी बसू लागली की परतणारी, ती पाठराखीण. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी असते आणि तिला ठरावीक घडी पडल्याशिवाय ते कामाचे होत नाही. ही घडी उलगडू लागली, की एरवी आत दडलेले भाग उघडे पडतात, शेजारच्या प्रथिनांना चिकटतात आणि त्यांच्या गुठळ्या होतात. अंडे उकडताना त्यातील पारदर्शक भाग बघता बघता पांढरा आणि घट्ट होतो, तो याच कारणाने. पेशीतील चॅपरॉन प्रथिने असे भलते संबंध जुळू देत नाहीत.

21व्या गुणसूत्रावरील सीआरवायएए हे जनुक अल्फा-ए क्रिस्टॅलिन नावाचे 173 अमिनो आम्लांचे प्रथिन तयार करते, आणि त्याचे मुख्य ठिकाण म्हणजे डोळ्यातील नेत्रभिंग. भिंगाच्या तंतुपेशी पक्व होताना आपले केंद्रक आणि आतील इतर अंगके टाकून देतात, कारण प्रकाशाच्या वाटेत त्यांचा अडथळा नको असतो. परंतु त्यामुळे त्या पेशींना नवे प्रथिन बनवता येत नाही आणि भिंगाच्या गाभ्यात जन्मापूर्वी साठवलेली प्रथिनेच आयुष्यभर पुरवावी लागतात. लॉस एंजेलिसमधील जोसेफ हॉरविट्झ यांनी 1992 मध्ये दाखवून दिले, की इतर प्रथिनांचे द्रावण तापवले असता ते गढूळ होते, पण त्यात अल्फा-क्रिस्टॅलिन असेल तर ते स्वच्छ राहते. तोवर भिंगाची केवळ बांधणी करणारे मानले गेलेले हे प्रथिन त्याची राखणही करते, हे त्यातून स्पष्ट झाले.

ही पाठराखीण मात्र माघारी जात नाही. इतर अनेक चॅपरॉन ऊर्जा खर्चून बिघडलेली घडी पुन्हा बसवतात आणि मोकळे होतात. अल्फा-क्रिस्टॅलिन बिघडलेल्या प्रथिनाला धरते आणि बहुधा धरूनच ठेवते, म्हणजे वापरले गेले की त्याचा साठा कमी होतो. चाळिशीच्या सुमारास भिंगाच्या गाभ्यातील मोकळे अल्फा-क्रिस्टॅलिन जवळजवळ संपलेले असते. म्हातारपणीच्या मोतीबिंदूची एक वाट येथून सुरू होते, जरी त्याला मधुमेह, धूम्रपान आणि ऊन हीही कारणे असतात.

आपल्या पुतणीच्या बाबतीत साठा संपण्याची वाट पाहावी लागली नाही. 116व्या स्थानावरील आर्जिनिन धनभारित असते आणि प्रथिनाची रचना टिकवण्यासाठी तो भार महत्त्वाचा असतो. तेथे सिस्टीन आले की प्रथिनाचे समूह गरजेपेक्षा मोठे होतात, पाठराखणीची ताकद घटते आणि भिंग जन्मापासूनच धूसर होते. हाच बदल एका कुटुंबातील जन्मजात मोतीबिंदूचे कारण असल्याचे 1998 मध्ये नोंदवले गेले.

मोतीबिंदू टाळणारे किंवा विरघळवणारे सिद्ध झालेले थेंब आज उपलब्ध नाहीत, तेव्हा तशा जाहिरातींवर पैसे घालवू नयेत. बाळाच्या मेंदूला पाहण्याची सवय पहिल्या महिन्यांतच लागते, म्हणून शस्त्रक्रिया वेळेवर झाली हे फार चांगले झाले. परंतु चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स, डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे डोळ्यावर पट्टी आणि डोळ्यातील दाबाची नियमित तपासणी पुढील कित्येक वर्षे चुकवू नये. मला या टप्प्याची शस्त्रक्रियेपेक्षाही अधिक काळजी वाटते.

या बदलाची एकच प्रत दोष घडवण्यास पुरेशी असते, त्यामुळे भावाकडे तो असल्यास प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. भावाचीही जनुक तपासणी करून घ्यावी आणि पुढील गर्भधारणेपूर्वी दोघांनी जनुकीय समुपदेशकांना भेटावे. बाळ झाल्यावर मात्र अहवालाची वाट न पाहता पहिल्याच दिवसांत नेत्रतज्ज्ञांकडून डोळे तपासून घ्यावेत.